शहराची लँड इन्फर्मेशन सिस्टीम, म्हणजे कोणती जमीन कुठे, केवढी आणि कोणाच्या नावावर याची नकाशासकट संगणकी नोंद, उभी करायची तर सुरुवात ड्रोनने करावी की जुन्या नकाशांनी? आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

सॉफ्टवेअरचं आधी उरकते, कारण त्यात भांडण्यासारखं काही नाही. पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसवर नकाशे साठवायला पोस्टजीआयएस टाका, टेबलावर नकाशे काढायच्या कामाला क्यूजीआयएस वापरा. पालिकेकडे विकतचे परवाने आधीच पडून असतील तर ते वापरा. कुठलीही सिस्टीम डेटाबेस चुकीचा निवडला म्हणून बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता ड्रोन की जुने नकाशे. तुम्ही लिहिलंय की कंपनीला मध्यम शहराचं काम मिळतंय, ड्रोनचे फोटो येणारच आहेत, सिटी सर्वेच्या, म्हणजे शहरातल्या मिळकतींच्या सरकारी मोजणीच्या, जुन्या नकाशांच्या शीटसुद्धा मिळतील, मग आधी काय. यावर मी एका मीटिंगमध्ये भर दुपारी भांडलेली आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

मी बडोद्याची. इथल्याच युनिव्हर्सिटीतून भूगोल केला आणि डिजिटायझेशनच्या कामात शिरले ती तिथेच राहिले. आमच्या कंपनीला गुजरातमधल्या एका शहराचं काम होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, शहराचंही नाही. जुनं शहर पोळांचं, म्हणजे चिकटून बांधलेल्या घरांच्या अरुंद गल्ल्यांचं आहे, एवढं कळलं तरी पुरे. सिटी सर्वेच्या शीट स्कॅन करायच्या, त्यांना जमिनीवर नेमके मोजलेले बिंदू (कंट्रोल पॉइंट) देऊन जागेवर बसवायचं, प्रत्येक मिळकतीची हद्द काढायची, प्रॉपर्टी कार्डाशी जोडायची आणि वर ड्रोनचा फोटो. कागदावर सोपं.

पोळातलं घर वरून कसं दिसतं ते एकदा बघा. दोन घरांना भिंत एकच. पत्रे एकमेकांत घुसलेले. छज्जा दोन फूट बाहेर आलेला, कुठे तर वरची खोली सरळ बोळावरून पलीकडच्या भिंतीवर टेकलेली. ड्रोनला छप्पर दिसतं, हद्द दिसत नाही. हद्द भिंतीच्या मध्यावर आहे की या बाजूला, हे तिथल्या म्हातारीला माहीत असतं आणि शीटवर काढलेलं असतं. आमच्याकडच्या नव्या मुलांनी पहिल्या वॉर्डात फोटोवरूनच रेषा ओढायला सुरुवात केली, आणि सगळ्यांच्या घरांचं क्षेत्रफळ कार्डापेक्षा वाढलं. सगळे खूश. छज्जे मोजले होते!

ते थांबवलं. शीटवरून काम सुरू झालं आणि खरी गंमत तिथे झाली.

शीट १:५०० च्या. म्हणजे कागदावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर २५ सेंटिमीटर होते, एक भिंतच ती. त्यात कागद कापडावर चिकटवलेला, वर्षानुवर्षं घड्या घातलेला, लांबीत वेगळा आकसलेला आणि रुंदीत वेगळा. अशा दोन घरांच्या हद्दी वेगवेगळ्या माणसांनी काढल्या की मध्ये कुठे सुईएवढी फट राहते, कुठे एकमेकींवर चढतात. त्या फटींना जीआयएसवाले, म्हणजे संगणकी नकाशांचं काम करणारे, स्लिव्हर म्हणतात आणि त्या काढून टाकण्याचं बटण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं. तुकडा निवडायचा, ज्या शेजाऱ्याशी त्याची हद्द सगळ्यात लांब त्याच्यात तो विरघळवायचा. काम मिनिटांत होतं.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याहून आलेले. हुशार माणूस, यात शंका नाही. त्यांचं म्हणणं, अमुक रुंदीच्या आतली सगळी फट ही डिजिटायझिंगची चूक, सगळ्या वॉर्डावर एकदम बटण चालवा. मी म्हटलं, सर, पोळात अमुक रुंदीच्या आत खरीखुरी जमीन असते. दोन घरांच्या मध्ये मोरीचं पाणी जायला ठेवलेला बोळ दोन फुटांचा असतो, एक माणूस आडवा होऊन जातो तेवढा. ६० सेंटिमीटर म्हणजे शीटवर १.२ मिलिमीटर, त्यातली निम्मीअधिक जागा दोन बाजूंच्या शाईनेच खाल्लेली. सॉफ्टवेअरला तो बोळ आणि चूक यांतला फरक कसा कळणार? सर म्हणाले, मॅडम, अपवादांसाठी आपण डेडलाइन थांबवत नाही. बटण चाललं. हद्दी एकमेकींना नीट जुळतात का ते तपासणाऱ्या टोपॉलॉजी रिपोर्टमध्ये शून्य चुका आल्या. तो शून्य मोठ्या अक्षरात प्रेझेंटेशनमध्ये गेला, वरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि बिलाचा हप्ता सुटला.

पुढे त्या वॉर्डातल्या एका माणसाने घर पाडून नवं बांधायला काढलं. नव्या सिस्टीममधून नकाशाचा उतारा घेतला, त्यात त्याची हद्द थेट शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेली. त्याने त्याप्रमाणे चर खणायला सुरुवात केली. शेजाऱ्याचं सांडपाणी त्या बोळातून जायचं, पाइप उघडे पडले आणि तो जुन्या प्रॉपर्टी कार्डाची नक्कल घेऊन सिटी सर्वेच्या कचेरीत येऊन उभा राहिला. मी त्या दिवशी तिथेच होते, डेटा अपडेट द्यायला गेलेले. तिथल्या मेंटेनन्स सर्व्हेअर काकांनी जुनी शीट पसरली, बोट ठेवलं, आणि माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "बेन, नकशो तो सरस छे, पण कया दिवसनो?" म्हणजे, बाई, नकाशा तर छान आहे, पण कोणत्या दिवसाचा?

मला आधी वाटलं ते बोळाबद्दल बोलतायत. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. त्या दोन मिळकतींपैकी एकीचे वाटणीने दोन भाग झाले होते, नोंद पडली होती, हरकती मागवणारी १३५-डीची नोटीस निघून हरकतीची मुदतही संपली होती. रजिस्टरला ते आलं होतं. आमच्या नकाशात ती अजून एकच मिळकत. म्हणजे बोळ नव्हता आणि वाटणीची रेघही नव्हती. पहिली गोष्ट बटणाने झाली, दुसरी त्याहून वाईट: नकाशातली रेघ कोणी, कोणत्या टेबलावर, कोणत्या कागदाच्या आधारे हलवायची, हे आमच्या सबंध कामात कुठे लिहिलेलंच नव्हतं. सुपरिटेंडेंटच्या टेबलावर फेरफार मंजूर व्हायचा, आणि नकाशा आमच्या सर्व्हरवर आमच्या ऑपरेटरची वाट बघत बसायचा.

साफ करण्याआधीची फाइल माझ्या मशीनवर होती. घरी आणून नव्या-जुन्याचा फरक काढला. गेलेल्या तुकड्यांत बोळ होते, एका विहिरीचा कट्टा होता, रस्त्यात पुढे आलेले ओटे होते, आणि हो, पुष्कळशी खरोखरची चूकही होती. यादी करून सरांना दिली. ती फाइलला लागली. त्यांनी नकाशात त्या एका घराची हद्द दुरुस्त करून घेतली, वॉर्ड तसाच राहिला. सर हे वाचत असतील तर सांगते, ती यादी अजून माझ्याकडे आहे, पाठवते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ड्रोनही नाही आणि जुन्या शीटही नाहीत, आधी फेरफार. ज्या दिवशी नोंद मंजूर होते त्याच दिवशी, त्याच व्यवहारात रेघही बदलली पाहिजे, नाहीतर दोन्ही बदलू नयेत. डेटाबेसवाल्या माणसाला हे समजवायला लागू नये. पैसे एका खात्यातून निघाले आणि दुसऱ्यात पडले नाहीत तर बँक व्यवहारच रद्द करते. जमिनीच्या बाबतीत मात्र सगळ्यांना वाटतं की अर्धं आज आणि अर्धं पुढच्या टेंडरमध्ये चालेल.

दुसरं, नंबर. आमच्या दांडिया बाजारच्या घराचंच घ्या. सिटी सर्वे नंबर एक, वेऱ्याच्या (पालिकेच्या घरपट्टीच्या) बिलावरचा नंबर दुसरा, वरच्या मजल्याच्या भाडेकरूचं बिल तिसऱ्याच नंबराचं, आणि आजोबांच्या दस्तऐवजात नंबरच नाही, नुसती चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता. जुन्या शहराबाहेर गोत्रीकडे जा, तिथे आणखी घोळ. मूळ जमीन ७/१२ वर सर्वे नंबराने, टी.पी. स्कीम (नगररचना योजना) पडली की तीच ओरिजिनल प्लॉट, जमीन कापून-जुळवून परत मिळाली की फायनल प्लॉट. १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याने स्कीम लागू झाली की जुन्या प्लॉटवरचे हक्क नव्यावर येतात. लोक मात्र ७/१२ च दाखवत फिरतात आणि बँकाही तोच मागतात.

यातला एकही नंबर खोटा नाही. पालिका कर वसूल करण्यासाठी मोजते, म्हणून तिचं एकक म्हणजे वापरणारा. सिटी सर्वेचं एकक म्हणजे जमिनीचा तुकडा. सब-रजिस्ट्रारचं एकक म्हणजे दस्त. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते, मालकीची खात्री सरकार देत नाही. या तिघांना एका रकान्यात कोंबायचा प्रयत्न करू नका. जोडणीचं वेगळं टेबल करा, एकास अनेक आणि अनेकास एक दोन्ही चालतील असं, आणि प्रत्येक जोडणीला तारीख व आधाराचा कागद लावा. जमिनीच्या तुकड्याचा १४ आकडी ओळख नंबर, भू-आधार, द्यायचा तर जरूर द्या, पण मिळकत फुटली की जुना नंबर कुणाचा आई-बाप आहे ते कुठेतरी लिहिलेलं हवं. आणि वेरा पावती म्हणजे मालकी नव्हे. हे तुमच्या स्क्रीनवर लाल अक्षरात लिहा, लोक ऐकणार नाहीत तरी लिहा.

मॉडेल स्वतः शोधत बसू नका. जमिनीच्या नोंदींसाठी आयएसओ १९१५२ म्हणून एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, पहिल्यांदा २०१२ मध्ये आलेलं. माणसं आणि संस्था, त्यांचे हक्क-बंधनं-जबाबदाऱ्या, जागेचे तुकडे आणि मोजणीचे कागद असे त्याचे गठ्ठे आहेत. प्रत्येक ओळीला ती कधी खरी झाली आणि कधी खरी राहिली नाही, हे त्यात धरलेलं आहे. ओळ कधीच पुसायची नाही, फक्त बंद करायची. सर्व्हेअर काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन तारखांत आहे. आमच्या सिस्टीममध्ये तो रकाना नव्हता, कारण डेमोत तो दिसत नाही.

क्षेत्रफळाचे रकाने दोन ठेवा, कार्डावरचं एक आणि नकाशातून निघणारं दुसरं. कायद्याला पहिलं चालतं. दोघांत फरक किती चालेल ते काम सुरू व्हायच्या आधी अधिकाऱ्यांच्या सहीने लेखी घ्या, नंतर कुणी सही करत नाही. स्लिव्हरचं बटण चालवायचंच असेल तर आधीची प्रत गोठवून ठेवा, आणि ठरावीक लांबीपेक्षा लांब असलेली प्रत्येक फट माणसाने जागेवर जाऊन बघितल्याशिवाय विरघळवू नका. बोळ लांबट असतो.

ड्रोनबद्दल मी उगाच तिरकी बोलते असं वाटेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राचा शहरी जमिनींच्या मोजणीचा 'नक्शा' कार्यक्रम १५२ नागरी संस्थांत सुरू झाल्यापासून ज्याला त्याला हवाई फोटो हवाय, त्याचा हा राग असेल. नव्या वसाहती, कंपाउंड वॉल असलेले बंगले, मोकळी सरकारी जमीन, अतिक्रमणं, इथे ड्रोनसारखं काही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा नदीकाठचा ताजा फोटो आणि त्यावर हद्दीचा थर बघायला मिळावा असं मलाही वाटलंच. फोटो आज जमिनीवर काय आहे ते सांगतो, तो पुरावा म्हणून सांभाळा. हक्काची रेघ त्यावरून काढू नका. आणि मी बोलतेय ते गुजरातच्या अनुभवावरून. तुमचं काम मध्य प्रदेशात असेल तर नजूल (शहरातली सरकारी जमीन) आणि डायव्हर्शन (जमिनीचा वापर बदलणं) यांचा वेगळाच संसार आहे, तिथे माझं ऐकण्याआधी एखादा मुरलेला पटवारी गाठा.

आमच्या सरांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं हेही सांगायला हवं. डेडलाइन नसती तर आम्ही अजून पहिल्याच वॉर्डात बसलो असतो. पण मग वॉर्ड कमी घ्या. एक वॉर्ड घ्या, त्यात फेरफार कचेरीच्याच टेबलावरून, कचेरीच्याच माणसाच्या हाताने नकाशात उतरू दे, तुमचा ऑपरेटर शेजारी नुसता बसू दे. तो माणूस सुट्टीवर गेल्यावरही ते चाललं तर पुढचा वॉर्ड.

करार करायच्या आधी कचेरीकडून एकच कागद मागा: गेल्या वर्षात मंजूर झालेल्या पण नकाशावर न उतरलेल्या फेरफारांची यादी. मिळाली तर काम घ्या. अशी यादीच ठेवत नाही असं उत्तर आलं, तर ती बनवून देण्याचे पैसे वेगळे लावा आणि ड्रोन तोवर डब्यातच ठेवा.