शिवरात्रीआधी गुहा साफ करणार असाल तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सदस्याने विचारलंय, त्याचा सारांश असा. गावाजवळच्या रानात एक गुहा आहे. आत पिंडीसारखा लवणस्तंभ, म्हणजे ठिबकत्या पाण्यातून साचलेला चुन्याचा खांब, आहे आणि शिवरात्रीला लोक दर्शनाला जातात. भिंतींवर ऑइलपेंटने नावं रंगवलीत, काजळी बसलीय, प्लास्टिक साचलंय. मंडळाची पोरं थिनर, तारेचे ब्रश आणि पाण्याचा टँकर नेऊन दोन दिवसांत सगळं धुऊन काढणार आहेत. त्यानंतर आत कायमचे दिवे बसवायचा विचार आहे.

गुहेचं नाव आणि वाट तुम्ही लिहिली नाहीत, ते फार चांगलं केलंत. पुढेही लिहू नका. पोरांना गुहेची एवढी काळजी आहे हे वाचून बरं वाटलं, पण हा बेत आहे तसा अमलात आणू नका. थिनर नको, तारेचा ब्रश नको, टँकर नको आणि दिवे तर मुळीच नकोत. नावं लिहिणाऱ्यांनी जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं अशा सफाईने दोन दिवसांत होतं.

बाहेरच्या कातळावर ऊन, वारा आणि पाऊस आपलं काम करत असतात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात दोन-चार वर्षांत बरंच काही धुऊन जातं. गुहेत यातलं काहीच पोचत नाही, त्यामुळे आत केलेली गोष्ट तशीच राहते. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. त्याचा थर थेंबाथेंबाने साचून लवणस्तंभ वाढतो, आणि ती वाढ शंभर वर्षांत काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर इतकीच असते. हात लावला की कातडीवरचं तेल त्यावर बसतं आणि तिथे नवा थर नीट धरत नाही. काजळीवर किंवा चिखलाच्या हाताच्या डागावर नवा थर चढलाच, तर तो डाग दगडाच्या आत कायमचा बंद होतो. म्हणून अलीकडचा डाग आधी काढायचा. ज्यावर थर चढलाय त्याला हात लावायचा नाही, कारण तो काढायचा तर लवणस्तंभच खरवडावा लागेल.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. संध्याकाळी गुहेच्या तोंडापासून बाजूला, बॅटरी विझवून, न बोलता बसा आणि वाघळं बाहेर पडतात का बघा. वेगवेगळ्या ऋतूंत बघा, कारण वसतीची जागा ती बदलतात. आत वसाहत असेल तर पिल्लांच्या दिवसांत कुणीच आत जायचं नाही. आया बिथरून उडाल्या की अंगाला बिलगलेली पिल्लं खाली पडतात, आणि बहुतेक जातींत मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. हे मी एवढं ताणून सांगतोय कारण आपला तालुका यासाठी जगात ओळखला जातो. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या वाघळांवरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाची नोंद केली. रॉटन हे वनखात्यातले अधिकारी होते. पुढे कित्येक दशकं या जातीचं जगातलं एकच माहीत असलेलं घर म्हणजे बारापेडे. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ती आढळली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या रांगेत, तिचं नाव आहे. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा बारापेडेचं महत्त्व पुन्हा सगळ्यांसमोर आलं. तुमच्या गुहेत कोणती जात आहे हे जाणकाराने बघेपर्यंत ती साधी पाकोळी आहे असं धरून चालू नका.

वाघळं आहेत म्हणून तोंडाला लोखंडी गजांचं दार बसवायचं कुणी सुचवलं तर तेही लगेच करू नका. काही जातींना आडव्या गजांच्या फटींतून जाता येतं. मुक्तपुच्छ वाघळं मात्र अरुंद पंखांची, वेगाने सरळ उडणारी असतात, आणि मोठी वसाहत एकदम बाहेर पडते. दारापाशी ती अडकतात, आपटतात, नाहीतर गुहाच सोडून जातात. त्यांच्यासाठी तोंडापासून लांब, उडायची वाट मोकळी सोडून घातलेलं कुंपण बरं.

आता घाण कशाला म्हणायचं ते ठरवू. प्लास्टिक, काच, बॅटरीचे सेल, नारळाच्या करवंट्या, कापडं, शिळा प्रसाद हे सगळं बाहेर काढा. सेलमधली रसायनं झिरपतात आणि उरलेल्या अन्नावर उंदीर येतात. वाघळांची लीद मात्र घाण नाही. आत ऊन नाही, झाडपाला नाही, त्यामुळे तिथल्या किड्यांचं, कोळ्यांचं पोट त्या लीदीवरच चालतं. ती झाडून काढली, किंवा शेतात खत म्हणून पोत्यांनी नेली, तर अंधारातला सगळा संसार उपाशी मरतो. कुजलेलं जुनं लाकूडसुद्धा आधी उलटून बघा, खाली जीव असतील तर तसंच ठेवा. लीद कोरडी असेल तर तिच्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीची लागण होऊ शकते. एन-९५ मास्क लावल्याशिवाय एकाही पोराला आत सोडू नका, आणि दम्याचा त्रास असलेल्याला तर अजिबात नेऊ नका.

भिंतींसाठी मऊ नायलॉनचा ब्रश, स्पंज आणि थोडं पाणी पुरतं. पाणी शक्यतो गुहेतलंच, ठिबकून साठलेलं घ्या, पण डबकं रिकामं करू नका, त्यातही जीव असतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. टँकरचा लोंढा गाळ खालच्या फटींत ढकलतो आणि तो पुन्हा काढता येत नाही. साबण नको, संडास साफ करायचं ॲसिड तर चुकूनही नको, कारण चुनखडीवर ते पडलं की फसफसून दगडच विरघळतो. भिंतीखाली जुनी फडकी लावून मळकं पाणी टिपून घ्या आणि बाहेर नेऊन टाका. लवणस्तंभाचे तुटलेले तुकडे फेकू नका, घरीही नेऊ नका. जागेचा फोटो काढून ते तिथेच बाजूला ठेवा. जाणकार लोक स्टीलची बारीक कांडी आणि इपॉक्सी वापरून असे तुकडे कधी कधी जोडतात.

ऑइलपेंटचं काम सगळ्यात अवघड. थिनर सच्छिद्र दगडात मुरतो, रंगाला अजून आत नेतो आणि बंद जागेत त्याची वाफ वाघळांना, किड्यांना आणि तुमच्या पोरांनाही बाधते. गुळगुळीत भागावरचा सुटत आलेला रंग बांबूच्या पातळ कामटीने हलकेच निघतो. खडबडीत दगडात बसलेला निघत नाही, तो राहू द्या. नाव दिसत राहिलं तर वाईट वाटतं, मलाही वाटतं. तरी खरवडून पांढरा पडलेला दगड त्याहून वाईट. आणि काहीही पुसण्याआधी प्रत्येक अक्षराचा फोटो घ्या. आपल्याकडे जुनी अक्षरं सापडू शकतात: जवळची हलशी ही कदंब राजांची पलाशिका नगरी, आणि मोडी लिपी तर अलीकडेपर्यंत लिहिली जायची. रंगाच्या थराखाली जुनी कोरलेली अक्षरं निघाली तर काम तिथेच बंद करून पुरातत्त्व खात्याला कळवा.

दिव्यांबद्दल. कायमचा उजेड आणि ओल एकत्र आली की भिंतीवर हिरवं शेवाळ धरतं. एलईडीने ते कमी होतं, थांबत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेत सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. १९४८ मध्ये ती लोकांना खुली झाली आणि माणसांचा श्वास, उष्णता, दिवे यांनी इतकी बिघडली की १९६३ मध्ये बंद करावी लागली. १९८३ पासून लोक शेजारी बांधलेली प्रतिकृती बघतात. त्यानंतरही मूळ गुहेत बुरशी आली. अमेरिकेतल्या कार्ल्सबाड गुहांत स्वयंसेवक चिमटे-ब्रश घेऊन पर्यटकांच्या कपड्यांचे तंतू आणि केस वेचतात, कारण तेही दगडावर साचतात. हे सगळं पैसा आणि शास्त्रज्ञ हाताशी असलेल्या देशांत. आपण दिवे लावले तर नंतरचं शेवाळ कोण काढणार?

परवानगीचं आत्ताच बघा. राखीव जंगल असेल तर रेंजरच्या ऑफिसात अर्ज द्यावाच लागतो, अभयारण्यात तर नुसतं पाऊल टाकायलासुद्धा. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, काम लवकर होतं. त्यात सफाईची परवानगी मागण्याआधी पाहणीची मागा, आणि वनखात्याचा एक माणूस सोबत असावा अशी विनंती करा. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते, तिच्या नोंदवहीत ही गुहा आणि तिथली वाघळं लिहून घ्यायला सांगा. उद्या कुणी खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव आणला तर ही नोंद कामाला येते.

शिवरात्र बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. देव आहे म्हणूनच ती गुहा इतकी वर्षं लोकांनी राखली. जोयड्याकडच्या कवळा गुहेतही असाच नैसर्गिक लवणस्तंभ पिंडी म्हणून पुजतात. पण पुजाऱ्यांशी आणि गावातल्या वडीलधाऱ्यांशी बसून बोला. पणत्या, कापूर, उदबत्ती गुहेच्या बाहेर चौथऱ्यावर, आणि आत पुजाऱ्यांचा एकच दिवा. अभिषेकाचं दूध-पाणी बाहेर पितळी पिंडीवर. आत जायची एकच वाट, दोन्ही बाजूंना सुती दोरी, आणि एका वेळी मोजकी माणसं. चंदगड, कोल्हापूर, गोव्याकडून लोक येत असतील तर सूचना मराठी, कन्नड आणि कोकणीत लावा. फलक खिळ्यांनी भिंतीवर ठोकू नका, बाहेर खांबावर लावा. यंदा एवढंच करा, भिंतींना हात लावू नका. पाहणी झाली की फोटो मला पाठवा, पण त्यातली जागेची नोंद आधी काढून टाका. भिंतींचं कुठून सुरू करायचं ते मग बघू.