पुण्याहून हॅम्बुर्गला: लेव्हान्टेवर काम करायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: पुण्याच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) चार वर्षं हवामानाची मॉडेल चालवलीत, आता हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेत जागा मिळतेय, काम डीकेआरझेडच्या (जर्मन हवामान संगणन केंद्र) लेव्हान्टे महासंगणकावर. निघण्यापूर्वी काय तयारी करावी?

यंत्र परकं वाटणार नाही. आयआयटीएमचा 'अर्क' महासंगणक आणि लेव्हान्टे, दोन्ही एकाच जातीचे, बुलसिक्वाना एक्सएच2000च. लेव्हान्टेच्या नोडवर (महासंगणकातला एक सुटा संगणक) एएमडीचे 64 कोअरचे दोन प्रोसेसर आणि साध्या नोडला 256 जीबी मेमरी, म्हणजे कोअरमागे जेमतेम 2 जीबी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. नोडवर 128 एमपीआय प्रोसेस (एकमेकींना निरोप पाठवत समांतर चालणाऱ्या, प्रत्येकीची मेमरी वेगळी) उभ्या केल्या की बारीक जाळीचं आयकॉन, म्हणजे तिथलं हवामानाचं मॉडेल, मेमरी संपून मरू शकतं. 32 प्रोसेस आणि प्रत्येकीला 4 ओपनएमपी थ्रेड (तीच मेमरी वाटून घेणारे धागे), इथून सुरुवात करा. सुरू होताच काही न छापता सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीने प्रोग्राम बंद पडणं) आला, तर कोड उसवण्याआधी स्टॅकची, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीची, मर्यादा बघा. थ्रेडचा स्टॅक वेगळा वाढवावा लागतो, हे हमखास राहून जातं. आयकॉनचा कोड जानेवारी 2024 पासून खुला आहे. पुण्यातच उतरवून कंपाइल करून बघा.

आयआयटीएमच्या 'प्रत्युष' महासंगणकावरची पीबीएसची सवय मोडा, इथे जॉब रांगेत लावायला स्लर्म आहे. कॉम्प्युट पार्टिशनवर (मोठ्या कामांसाठी राखलेला नोडचा गट) जॉबला जास्तीत जास्त 8 तास. तीस वर्षांचा रन तुकड्यांत तोडून 'आफ्टरओके'ने (आधीचा जॉब नीट संपला तरच पुढचा सुरू) साखळी लावायची आणि रीस्टार्ट फाईल, म्हणजे जिथून पुढे चालवायचं ती नोंद, सातव्या तासापर्यंत लिहून होईल असा तुकडा ठेवायचा. मधला जॉब पडला तर पुढचा रांगेत नुसता लटकत राहू शकतो, म्हणून सकाळी रांग बघावी. कॉम्प्युटवर अख्खा नोड तुमच्या नावे लागतो. एका कोअरचं सीडीओ (हवामानाच्या डेटावर प्रक्रिया करणारं साधन) तिथे चालवलंत तरी 128 कोअरचा हिशेब प्रकल्पाच्या खात्यातून जातो. असलं काम शेअर्ड पार्टिशनवर टाका, तिथे नोड वाटून घेतात.

स्क्रॅचवर, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या डिस्कवर, 15 टीबी मिळतात, पण 14 दिवसांनी फाईल आपोआप उडते. तिथे फक्त मधलं आउटपुट ठेवा. कायमच्या साठ्याच्या टेपवर हजारो बारक्या फाईली पाठवू नका, परत आणताना जीव जातो; आधी टार करून मोठे गठ्ठे बांधा.

आता पगाराचं. ई13 ही पगाराची श्रेणी सगळे बघतात, पायरी, म्हणजे श्टूफे, कुणी विचारत नाही. संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव मान्य झाला तर सहसा तिसऱ्या पायरीवर सुरुवात होते. आयआयटीएमचं अनुभवपत्र कामाच्या तपशिलासह, इंग्रजीत घ्या आणि हे बोलणं करारावर सही करण्याआधी उरका. नंतर कुणी दाद देत नाही. पदवीसाठी विद्यापीठाची नोंद अनाबिनवर (परदेशी पदव्यांची जर्मन माहितीसूची) तपासून तिची प्रत व्हिसाच्या कागदांत लावा.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. काही तात्पुरत्या जागांचे मालक ते देत नाहीत, तेव्हा भाडं भरण्याआधीच विचारा. करक्रमांक त्याच पत्त्यावर टपालाने येतो. तो संस्थेला वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो.