परिषदेला जाताना एक अडलेलं काम सोबत घे

सप्रेम नमस्कार,

पत्रकारांच्या परिषदेची नोंदणी झाली आणि फेलोशिपही मंजूर झाली, हे वाचून बरं वाटलं. सोबत कार्यक्रमपत्रिका पाठवून ‘यातलं काय काय ऐकू?’ असं विचारलंस. पत्रिका नीट वाचली, चांगली आहे. पण त्याआधी मला एक सांग, तुझ्या हातातलं कोणतं काम सध्या अडलंय?

पत्रकारांच्या परिषदेला एक अडलेलं काम घेऊन जावं, असं माझं ठाम मत आहे. कंत्राटाची कागदपत्रं मिळाली, पण कंपनीचा खरा मालक कोण ते सापडत नाही. एकच आकडा दोन खात्यांच्या अहवालांत दोन तऱ्हेचा दिसतो. एक माणूस सगळं सांगायला तयार आहे, पण नाव छापू देत नाही. असं काहीतरी. ‘मला डेटा पत्रकारिता शिकायचीय’ असं म्हटलंस, तर समोरची व्यक्ती दोन-चार संकेतस्थळांची नावं सांगेल आणि हसून पुढे जाईल. त्याच व्यक्तीला सांगून बघ, ‘स्कॅन केलेली भलीमोठी पीडीएफ आहे, त्यातले तक्ते बाहेर काढताना आकडे रकाने सोडून पळतायत.’ ती खुर्ची ओढून बसेल. दुसऱ्याच्या अडचणीत नाक खुपसायची आपल्या जमातीला खोडच आहे, तिचा फायदा घ्यावा.

आता पत्रिका त्या कामाच्या नजरेने वाच. मोठ्या नावांचं चर्चासत्र पाहिलं की आपण हुरळतो. पण हिशोब कर: तासाभरात चार वक्ते, वर सूत्रसंचालकाची प्रस्तावना आणि शेवटी प्रश्नोत्तरं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं. त्यात ओळख, आभार आणि गाजलेल्या बातमीची गोष्ट होते. ती बातमी कशी केली ते राहूनच जातं. शिवाय अशी सत्रं बहुतेकदा चित्रित होतात, घरी येऊन बघता येतात. कार्यशाळा मात्र चित्रित होतेच असं नाही. तिथल्या जागाही मोजक्या असतात, म्हणून नावनोंदणी सुरू झाली की लगेच नाव दे. आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: कार्यालयाचा लॅपटॉप नेणार असशील तर त्यात नवं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी आधीच घेऊन ठेव. कार्यशाळेचा पहिला अर्धा तास ॲडमिन पासवर्ड शोधण्यात घालवणारे लोक प्रत्येक परिषदेत दिसतात.

प्रश्न विचारायची वेळ आली तर नाव, संस्था आणि एका वाक्यात प्रश्न. ‘हा प्रश्नापेक्षा माझा अभिप्राय आहे’ अशी सुरुवात करणाऱ्यांना सभागृह मनातल्या मनात काय म्हणतं ते तुला कळेलच. सत्र संपल्यावर व्यासपीठाभोवतीच्या गर्दीतही शिरू नकोस. ज्याने नेमका, टोकदार प्रश्न विचारला त्या प्रेक्षकाला गाठ. बहुधा तोही तुझ्यासारख्याच कामात अडकलेला असतो, आणि त्याच्याकडे वेळ असतो.

अशा ओळखींतून काय उभं राहू शकतं याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. शोधपत्रकारांची आयआरई ही संघटना तिथे 1975 मध्ये सुरू झाली. पुढच्या वर्षी, जून 1976 मध्ये, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात डॉन बोल्स या बातमीदाराच्या गाडीखाली बॉम्बस्फोट झाला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. संघटनेतले, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांतले लोक ॲरिझोनात जमले आणि तिथल्या भ्रष्टाचाराचा माग काढून 1977 मध्ये त्यांनी मोठी लेखमाला दिली. बोल्स यांच्या स्वतःच्या वृत्तपत्राने ती छापली नाही, हेही लक्षात ठेव. पत्रकारांची एकजूट ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात तिच्यात भांडणं, शंका आणि मोठ्या संपादकांचे नकार असतातच.

आणि बोलण्याइतकंच गप्प बसणंही यावं लागतं. पनामा पेपर्स म्हणजे पनामातल्या एका कायदा संस्थेतून फुटलेले, परदेशी कंपन्यांआड दडवलेल्या पैशांचे कागद. अनेक देशांतले पत्रकार त्यांवर मिळून गुपचूप काम करत होते. 1 कोटी 15 लाख दस्तऐवजांची ही बातमी 3 एप्रिल 2016 ला जगासमोर आली. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्वेतल्या लिलेहामरला शोधपत्रकारांची जागतिक परिषद भरली होती आणि या प्रकल्पातले भागीदार तिथेही भेटले होते. आजूबाजूला शेकडो शोधपत्रकार, म्हणजे वास काढण्यातच ज्यांची हयात गेली असे लोक. तरीही बातमी फुटली नाही. म्हणून जाण्यापूर्वी संपादकांशी बसून ठरव की अडलेल्या कामातलं किती उघड करायचं. पद्धतीची अडचण सांगावी. कंपनीचं नाव, स्रोताचा हुद्दा, बातमीची तारीख सांगू नये. लिफ्टमध्ये आणि नाश्त्याच्या रांगेत तर कामाबद्दल बोलूच नये. स्रोतांची कागदपत्रं असलेला लॅपटॉप शक्यतो नेऊ नये, आणि न्यावाच लागला तर तो खोलीत टाकून भटकू नये.

तुझ्या परिषदेत पत्रकारांइतकेच जनसंपर्क आणि संवाद विभागांतले लोकही असणार आहेत. विद्यापीठांचे, रुग्णालयांचे, स्वयंसेवी संस्थांचे, कंपन्यांचे. काही पत्रकार त्यांच्याकडे नाक मुरडून बघतात. मला तो शुद्ध आळस वाटतो. संस्थेच्या आत निर्णय कसा होतो, माहिती कुठे अडते, कोणता अहवाल कोणाच्या टेबलावर पडून राहतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, आणि त्यांतले कितीतरी जण पूर्वी बातमीदारीच करत होते. फक्त आपण कोण आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावं. त्यांचं काम संस्थेची बाजू मांडण्याचं आहे, आपलं ती तपासण्याचं. दोघांनाही हे माहीत असलं की गप्पा मोकळ्या होतात. ‘ऑफ द रेकॉर्ड’ ठरवायचं ते बोलण्याच्या आधी. बोलून झाल्यावर कुणी ‘हे छापू नका हं’ म्हणालं तर तो करार होत नाही, ती विनंती असते. ती मानायची की नाही हे तुझ्यावर. काही सत्रांना चॅटम हाऊस नियम लागू असतो: ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली आणि तो कोणत्या संस्थेचा हे उघड करता येत नाही. सभागृहात आणखी कोण बसलं होतं तेही सांगायचं नाही. अशा सत्रातून थेट पोस्ट टाकायचा मोह आवर.

पैशांबद्दल थोडक्यात. फेलोशिप कोणाच्या निधीतून आली ते शोध आणि संपादकांना लेखी कळव. उद्या त्याच देणगीदारावर बातमी करायची वेळ आली तर हा कागद तुझी बाजू सांभाळेल. पत्रिकेत ज्या सत्राखाली प्रायोजकाचं नाव आहे तिथे जायला हरकत नाही, तंत्रज्ञानाची काही सत्रं खरोखर उपयोगी असतात; पण प्रात्यक्षिक बघताना विचार की हे साधन चुकतं कुठे, आणि आपण त्यात टाकलेले दस्तऐवज कोणाच्या सर्व्हरवर जातात. उत्तर गुळमुळीत आलं तर पिशवी आणि पेन घेऊन बाहेर ये.

टिपणं काढताना वक्त्याची सुंदर वाक्यं लिहीत बसू नकोस. त्यांनी कोणता दस्तऐवज मिळवला, कुठून, तो खरा आहे हे कशावरून ठरवलं, एवढं लिही. स्लाइडचे फोटो पुन्हा कोणी उघडत नाही. त्यापेक्षा टिपशीट, म्हणजे वक्त्याने पद्धत आणि दुवे लिहून दिलेलं टिपण, मागून घे; शोधपत्रकारांच्या परिषदांत वक्ते ती बहुतेक देतातच. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात भेटलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिही की बोलणं कशावर झालं होतं. परतल्यावर चार-पाच जणांनाच पत्र पाठव, पण आठवड्याच्या आत, आणि त्यात तुझ्या बाजूने काहीतरी दे: कबूल केलेला दुवा, एखादी कागदपत्रं मागवायची पद्धत, नाहीतर त्यांच्या विषयातल्या तज्ज्ञाचं नाव. नुसतं ‘भेटून आनंद झाला’ याला कोणी उत्तर देत नाही.

मधेच कंटाळा आला, माणसांचा वीट आला तर एक सत्र बुडव आणि खोलीत जाऊन पड. माझी तरी दुपारची सत्रं नेहमी अशीच जातात.

आता अडलेलं काम कोणतं ते दोन ओळींत लिहून पाठव, पत्रिकेत कोणत्या सत्रांवर खुणा करायच्या ते मग ठरवू. कार्यशाळांची नोंदणी सुरू झाली असेल तर माझ्या उत्तराची वाट न पाहता आधी नाव दे.

तुझी हितचिंतक