देव्हाऱ्यासाठी काश्मिरी अक्रोड घेऊ की अमेरिकन?

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. नवीन घरात दोन फूट रुंदीचा देव्हारा करून घ्यायचाय, वर महिरप आणि खांबांवर वेलबुट्टी. मिस्त्री म्हणतात काश्मिरी अक्रोडच घ्या, पण टिंबर मार्केटमध्ये एकानं अमेरिकन वॉलनट दाखवलं, ते जास्त गडद आणि एकसारखं दिसतंय. भावाचा तर ताळमेळच लागेना. काय करू?

उत्तर : ताई, नक्षी आहे म्हणालात तिथंच माझं उत्तर ठरलं, मिस्त्रींचं ऐका. आपण अक्रोड खातो त्याच झाडाचं ते काश्मिरी लाकूड, अमेरिकन म्हणजे ब्लॅक वॉलनट, ते झाडच वेगळं. कोरायला दोन्ही चांगली, पण काश्मिरी जरा जास्त कणखर, वेलीच्या पाकळीची बारीक कड छान धरून ठेवतं. मोठा डायनिंग टेबल असता तर मी अमेरिकन म्हणालो असतो, कारण काश्मिरात अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि रुंद सलग फळ्या मिळायची मारामार.

रंगाला भुलू नका. अमेरिकन लाकूड सुकवायच्या आधी बऱ्याचदा वाफेवर ठेवतात, त्यानं बाहेरचा पांढरा भाग पण गाभ्याच्या रंगाकडं सरकतो, म्हणून ते एकसारखं दिसतं. शिवाय उजेडात राहून अक्रोड वर्षानुवर्षं फिकं होत जातं, बाकी बरीच लाकडं गडद होतात, याचं उलटं.

भावाचं म्हणाल तर तो माणूस बोर्डफुटाचा भाव सांगत असणार आणि मिस्त्री घनफुटाचा. १२ बोर्डफूट म्हणजे १ घनफूट, गुणून बघा. आणि झाड कुठलं हे स्पष्ट विचारा, कारण आपला शिरीष पण ईस्ट इंडियन वॉलनट म्हणून विकला जातो.

आता खरं महत्त्वाचं, ओलावा. मी एकदा जूनमध्ये काश्मिरी फळ्या आणल्या, दुकानदार म्हणाला एकदम वाळलेल्या आहेत, मी विश्वास ठेवून चौरंग केला, आणि मार्चमध्ये बघतो तर मधल्या सांध्यात रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी फट, आईनं त्यावर समई ठेवलेली, मला बघवेना. फूटभर रुंद फळीत ओलावा ५ टक्क्यांनी बदलला की ३ ते ४ मिलिमीटरचा फरक पडतो हो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिलमध्ये आक्रसतं. अमेरिकन भट्टीत ६ ते ८ टक्क्यांपर्यंत सुकवलेलं असतं, तेही इथं येऊन ओल पितंच. म्हणून कुठलंही घ्या, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून महिनाभर घरातच रचून ठेवा आणि मगच रंधा लावू द्या. मागची फळी खाचेत नुसती सरकवायला सांगा, फेव्हिकॉलनं चिकटवायची नाही, तिला हलायला जागा हवी. आणि दुकानात ओलाव्याचा मीटर लावून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर तिथनं फळी उचलू नका.