६० तासांतले पहिले ४

प्रिय मुली,

“बाई, कॉलेजसाठी समाजसेवेचे साठ तास भरायचे आहेत, कुठलं काम घेऊ?” असं तू विचारलंस. मी म्हणेन, लेखनिक हो. दृष्टिहीन मुलं सांगतील तसे त्यांचे पेपर लिही.

मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमध्ये सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात, मराठी माध्यमातली मी कोपऱ्यात पडते, असंही तू लिहिलंस. मराठीतून परीक्षा देणाऱ्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून भराभर लिहिणारा हात लागतो. तुझ्या वह्या मी तपासल्या आहेत. तो हात तुझ्याकडे आहे.

आधी तुमच्या कॉलेजातल्या दृष्टिबाधितांच्या केंद्रात जाऊन ये. ते २००३ पासून आहे. तिथे संगणक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, आणि सरावलेली मुलं तो इतक्या वेगाने ऐकतात की तुला पहिल्यांदा एक शब्द लागणार नाही. ते बघितलंस की ‘बिचारी’ हा शब्द मनातून जाईल. तो गेल्याशिवाय कुणाचा पेपर लिहायला बसू नकोस.

माझं सांगते. अकरावीत असताना मी बारावीच्या एका मुलीचा इतिहासाचा पेपर लिहिला. वसईच्या तहाचं साल तिने १८०३ सांगितलं. मला १८०२ ठाऊक होतं. मी गुपचूप १८०२ लिहिलं आणि बाहेर आल्यावर तिला आनंदाने सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “आता मिळालेल्या मार्कांतले माझे किती, हे मला कसं कळणार?” बसस्टॉपपर्यंत ती माझ्या दंडाला धरून आली, पण पुढे एक शब्द बोलली नाही. तिची माफी मागायला मला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मला अजून बोचतात.

म्हणून सांगते, पेपर सांगणारी मुलगी चुकली तर चूकच लिही. प्रश्न वाचताना आवाजातूनही उत्तर सुचवू नकोस. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर पर्यायाशी आवाज नकळत थबकतो. चारही पर्याय एकाच सुरात वाच. गणितात तर फार जप. ‘अ अधिक ब भागिले क’ असं नुसतं वाचलंस तर भागाकार नेमका कशाचा, ते तिला कळणार नाही. कंस कुठे उघडला, कुठे मिटला, हे मोठ्याने सांग. तिने मागितलं की शेवटची ओळ परत वाचून दाखव, कितीही वेळा मागितलं तरी.

अशा परीक्षार्थींना तासामागे किमान २० मिनिटं जादा द्यावीत, असा नियम आहे. म्हणजे ३ तासांचा पेपर ४ तासांचा होतो. बोटं भरून येतात, आधी सराव कर. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणते तेव्हा तो शिक्षणाने खालच्या पायरीवरचा असावा लागतो, त्यामुळे ऐनवेळी बदली माणूस मिळणं फार कठीण. तू आदल्या रात्री ‘जमत नाही’ म्हणालीस, तर तिचं वर्ष बुडू शकतं. हो म्हणण्याआधी स्वतःचं वेळापत्रक बघ.

तुमचं कॉलेज जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं. त्यांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे १९७३ मध्ये स्पेनमधल्या वालेन्सियाला आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हे आपल्या शिक्षणाचं ध्येय, असं त्यांनी मांडलं. पण आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिकवलं का, हा प्रश्न स्वतःच विचारून ‘नाही’ अशी कबुलीही दिली. मला ध्येयाइतकीच ती कबुली मोलाची वाटते. तासांच्या तक्त्यावर सही घेशील तेव्हा ती आठव. ६० तास भरले आणि मार्चमध्ये कुणी पेपरासाठी विचारलं, तर एकसष्टावा तासही दे.

पेपरच्या आदल्या दिवशी तिला भेट. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन अर्धा तास दोघी बसा. ती किती वेगाने सांगते, प्रश्न एकदा वाचलेला चालतो की दोनदा, हे तिलाच विचार. आणि लोकलचा भरवसा धरू नकोस, तासभर आधी पोच.

तुझ्या बाई