घाटात गाडी खरंच उलटी फिरायची का?

प्रश्न : आम्ही मूळचे इगतपुरीचे, आता नाशिकरोडला राहतो. माझे पणजोबा जीआयपी रेल्वेत (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, इंग्रजांच्या काळातली रेल्वे कंपनी) फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते. ते म्हणायचे की कसारा घाटात एक स्टेशन होतं आणि तिथं गाडीचं तोंड फिरायचं. मी पंचवटी एक्स्प्रेसने कितीदा गेलो असेन, मला तर असं स्टेशन कधी दिसलं नाही. हे खरं आहे का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अगदी खरंय! त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणायचे. थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, रेल्वे सुरू झाली १ जानेवारी १८६५ ला, आणि चढ होता ३७ फुटांना १ फूट, आता वाफेच्या इंजिनाला हे म्हणजे जिवावरचंच काम. त्यात डोंगराला वळसा घालायला गाडीला जागाच पुरेना, मग इंजिनिअरांनी युक्ती काढली, रूळ सरळ डोंगराच्या एका सोंडेवर नेऊन तिथं थांबवले. पुढे रस्ताच नाही! गाडी तिथं उभी राहायची, इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचं आणि मग जो शेवटचा डबा होता तोच पहिला होऊन गाडी दुसऱ्या अंगाने वर चढायची. म्हणजे कसाऱ्याला जो पुढे तोंड करून बसला होता तो इगतपुरीला पाठमोरा पोचायचा. पणजोबांसारख्या फायरमनला तेवढ्या वेळात जरा दम खायला मिळत असेल, नाहीतर कोळसा टाकून टाकून हात भरून यायचे हो.

हे स्टेशन कुठल्या गावासाठी नव्हतंच, गाडी वळवायला होतं, त्यामुळे रूळ नव्याने टाकून ती उलटापालट बंद झाली तशी त्याची गरजच संपली. भोर घाटातही खंडाळ्याजवळ असंच एक होतं, ते १९२९ ला बंद झालं. आपल्या घाटात १९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत विजेवरची इंजिनं आली.

पण चढ काही कमी झाला नाही. म्हणून तर कसाऱ्याला गाडीला मागून बँकर, म्हणजे गाडीला वर ढकलणारी जादा इंजिनं लावतात, मागून हलकासा धक्का बसला की समजायचं लागली. आणि उतरणीला गाडी ताब्यातून सुटलीच तर तिला वळवून अडवायला घाटात कॅच सायडिंग ठेवलेत, तेही चढाला जाणारे रूळच, खिडकीत बसून नीट बघितलं तर बाजूला निघून गेलेला रूळ दिसतो. फक्त बघायला म्हणून रुळांवरून चालत जाऊ नका बरं का, तीन लाईन आहेत आणि गाडी बोगद्यातून अचानक समोर येते.

एक विनंती, पणजोबांचं सर्व्हिस बुक किंवा जुना पास घरात कुठे पेटीत असेल तर फोटो काढून आम्हाला नक्की पाठवा, आम्हाला मनापासून बघायचंय.