विहिरीला पंप लावलास, पण रहाट काढू नको

नवीन घर घेतलंस, विहीर पण आहे, मस्तच. पण कोकणात पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती आणि तेव्हा ज्यांनी रहाट भंगारात दिला होता ते शेजारच्या विहिरीवर रांगेत.

म्हणून पहिलं काम, रहाटाला ग्रीस लाव आणि दोर नवीन घे. सुंभाचा ओला राहून कुजतो, बारीक नायलॉन हात कापतो, जरा जाड घे. विहिरीच्या खोलीपेक्षा आठ-दहा फूट जास्तच, उन्हाळ्यात पाणी खाली जातं ना. आणि गळ ठेव घरात, कळशी पडणारच, आमची दोनदा पडलीय.

हातपंप बसवायचा विचार असेल तर आधी मे महिन्यातलं पाणी मोज, साधा हातपंप वरून साधारण २०-२५ फुटांपर्यंतच खेचतो, त्याच्या खाली कितीही हापसलंस तरी हवाच.

जनरेटर घेणार असशील तर पंप १ एचपीचा म्हणजे ७४६ वॅटचाच आहे म्हणून १ केव्हीए ताकदीचा आणू नको, मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, तीनेक केव्हीएचा बघ. आणि तो घरातल्या सॉकेटला उलटा जोडायचा शहाणपणा अजिबात नको, चेंजओव्हर (एका वेळी बाहेरची लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा स्विच) बसव, नाहीतर जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर चढलेला वायरमन मरेल.

बाकी आभाळ भरून आलं की आधी टाकी भरून घ्यायची.